तिसरं तापमान

जळगावात मे महिन्यात दोन माणसं भेटली की खुशाली विचारत नाहीत, "आज किती गेलं?" असं विचारतात. किती म्हणजे पारा, हे वेगळं सांगावं लागत नाही. चव्वेचाळीस म्हटलं तर समोरचा ओठ काढतो. सेहेचाळीस म्हटलं तर समाधानानं मान हलवतो, जसा काही त्यानंच मेहनत करून चढवलाय. अशा गावात राहून मी तापमान मोजायचं काम अंगावर घेतलं, तेही फुकट, यात मला काही विचित्र वाटलं नाही. बाकीच्यांना वाटायचं. त्यांना समजावून समजावून दमले आणि मग समजावणं सोडून दिलं.

काम असं होतं. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नखाएवढी एक चिप असते. प्रोसेसर किती तापला, पंखा किती वेगानं फिरतोय, विजेचा दाब ठीक आहे का, एवढंच ती दिवसभर बघत बसते. पण तिचं म्हणणं कॉम्प्युटरला कळायला मधे एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. विकतच्या सिस्टिमसाठी तो कंपनी देते. आम्ही लिनक्सवाले, म्हणजे जिचं पोट कुणीही उघडून बघावं अशी मोफत सिस्टिम वापरणारे लोक. कंपनीनं आमच्यासाठी काही केलं नसेल तर आमच्यातलंच कुणीतरी बसून ड्रायव्हर लिहितं आणि सगळ्या जगाला देऊन टाकतं. माझ्याकडच्या चिपसाठी तो कुणीच लिहिलेला नव्हता.

मी जळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून थकली किंवा गेली. नाकावर राग असतो असं लहानपणापासून ऐकत आले, ते काही खोटं नाही. घरी आले की कुलूप मीच काढायचं आणि दिवा मीच लावायचा, याची सवय झाली होती. सवय झाली म्हणजे बरं वाटत होतं असं नाही.

माझं माणूस म्हणावं असं एकच उरलं होतं, ते म्हणजे आबा, माझे वडील. ते धुळ्यात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आई गेल्यावर जळगावला या म्हणून मी किती मागं लागले. "उन्हाळामा येसू," म्हणायचे. उन्हाळ्यात जळगावला कुणी येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. तेव्हा ते तिथं एकटे आणि मी इथं एकटी, मधे पारोळा-एरंडोलचा रस्ता.

मला एकाच गोष्टीची भीती होती. आबा तिकडं आजारी पडतील, खाटेवर पडून राहतील, आणि मला कळायचं नाही. फोनवर काही कळण्यासारखं नव्हतंच. आबा अहिराणीत बोलतात, मी शिकत गेले तशी माझी अहिराणी सुटत गेली, मी मराठीत उत्तर देते. कसे आहात विचारलं की "आठे बठ्ठं ठीक शे." इथं सगळं ठीक आहे, एवढंच. आई गेली त्या दिवशीसुद्धा फोनवर आधी "ठीक शे" म्हणाले होते आणि मग सांगितलं होतं. अशा माणसाच्या "ठीक शे"वर कुणी किती विसंबायचं.

कॉम्प्युटर आम्ही एकाच दुकानातून सारखे दोन घेतले होते, एक मला, एक त्यांना. वर्तमानपत्र वाचतील, पत्ते खेळतील, तेवढाच विरंगुळा म्हणून. तर एका मे महिन्यात त्यांचा स्वतःहून फोन आला. हे इतकं क्वचित व्हायचं की मी हातातलं काम टाकून उचलला. म्हणाले, यंत्र दुपारचं आपोआप बंद पडतं. मी ओळखलं, तापत असणार. पण किती तापतंय, कुठं तापतंय, हे बघायला गेले तर ड्रायव्हरच नाही. म्हणून लिहायला बसले. आबांना सांगितलं तर म्हणाले, "तू ड्रायव्हर काय लिखस? आमना डेपोमा तं भरती करेत." त्यांच्या थट्टेचा आवाज मी फार दिवसांनी ऐकला.

चिप बनवणाऱ्या कंपनीला माहिती मागितली, उत्तर आलं नाही. मग उरते ती आमची जुनी रीत. चिपच्या पोटात लहान लहान कप्पे असतात, प्रत्येकात एक आकडा. कोणत्या कप्प्यात काय हे कुणी सांगत नाही. आपण सगळे कप्पे वाचायचे, मग काहीतरी बदलायचं आणि पुन्हा वाचायचे. पंखा बोटानं अडवला की एक आकडा शून्यावर येतो, म्हणजे तो पंख्याचा. प्रोसेसरला अवघड गणितं घातली की दुसरा चढतो, म्हणजे तो प्रोसेसरचा. केस वाळवायचं यंत्र बोर्डावर धरलं, मग बर्फ घातलेला स्टीलचा तांब्या जवळ नेला, तर आणखी एक वर-खाली झाला. तो बोर्डाचा. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी कॉम्प्युटरच्या त्या उघड्या डब्यासमोर काढली. शेजारीण एकदा डोकावली, मी बोर्डाला गरम वारा घालत होते. आल्या पावली परत गेली.

तिसरं एक तापमान होतं. ते कशालाच फारसं दाद देत नव्हतं. गरम वारा घाला, तांब्या धरा, पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळायचं. कधी चव्वेचाळीस, कधी सेहेचाळीस. मी भिंतीवरच्या तापमापकाकडं बघितलं. पंचेचाळीस. म्हटलं, हे खोलीचं. खोली काही केस वाळवायच्या यंत्रानं तापत नाही आणि तांब्यानं गार होत नाही, बरोबरच आहे. मी त्याला नाव देऊन टाकलं, खोली. एका मिनिटात निकाल लागला. पंख्याच्या एका आकड्यावर मी आठवडा घालवला होता.

ड्रायव्हर लिहून झाला की तो मेलनं एका यादीवर पाठवायचा असतो. तिथं जगभरातले जाणते लोक तो वाचतात आणि ओळीओळीवर बोट ठेवतात. माझा वाचला तो कुठल्यातरी थंड देशातल्या एका गृहस्थानं. नीट वाचला, सभ्यपणे चुका दाखवल्या. शेवटी एक शंका विचारली. हे तिसरं तापमान खरं आहे का, की चिपच्या या पायाला, म्हणजे पिनेला, काही जोडलेलंच नाही? पंचेचाळीस हे खोलीचं तापमान असू शकत नाही.

असा माझा संताप झाला. असू शकत नाही म्हणे. मी दोन पानी उत्तर ठोकलं. आमच्याकडं मे महिन्यात नळाचं पाणी अंगावर घेववत नाही, दुचाकीच्या सीटवर ओलं फडकं टाकल्याशिवाय बसता येत नाही, केळीची बाग वाचवायला लोक चारी बाजूंनी हिरवी जाळी बांधतात, आणि तुम्ही घरात हीटर लावून मला खोलीचं तापमान शिकवता? हीटरचं वाक्य पाठवण्याआधी खोडलं, बाकीचं राहू दिलं. त्यानं लगेच माफी मागितली. तुमच्या शहराचं हवामान बघितलं, म्हणाला, कल्पना नव्हती, शंका मागे घेतो. मी जिंकले. दिवसभर मान ताठ होती.

पुढं आणखी दुरुस्त्या झाल्या, सगळ्या लिहिण्याच्या पद्धतीच्या, आकडे पुन्हा बघायची वेळच आली नाही; दोन-चार वेळा परत पाठवला, आणि थंडीच्या सुमारास ड्रायव्हर स्वीकारला गेला. म्हणजे आता जगात कुठंही, कुणीही तो बोर्ड घेऊन लिनक्स टाकलं तर मी लिहिलेल्या ओळी चालणार. हे कुणाला सांगावं कळेना. लॅबमधल्या शिपायाला सांगितलं, तो म्हणाला, "मग पगार वाढेल का, मॅडम?" संध्याकाळी एका खानावळीत गेले आणि एकटीनं शेवभाजी खाल्ली. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, ते बरंच झालं. घरी येऊन आबांना फोन केला. "बरं व्हयनं," म्हणाले. मग मी फोन ठेवला.

होळीला धुळ्याला गेले तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर तो ड्रायव्हर चढवला. चढवताच दिसलं की पंखा रडत-रखडत फिरतोय. उघडला तर धुळीनं आणि कापसाच्या तंतूंनी गच्च. साफ केला, आणि यंत्राचं बंद पडणं तिथंच संपलं. आबांनी डोळे मिचकावून बघितलं. रेडिएटर साफ करण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याला यात नवल ते काय. पण तोंडानं म्हणाले, "तुना ड्रायव्हर बेस शे."

जाता जाता मी आणखी एक केलं. त्यांचं यंत्र चालू असेल तोवर ते थोड्या थोड्या वेळानं आपले आकडे माझ्याकडं पाठवील, अशी व्यवस्था लावली. आबांना सांगितलं, सकाळी चहा झाला की हे बटण दाबायचं, दिवे लागले की बंद करायचं. म्हणजे मला इथं बसून कळेल की तुमची खोली किती तापलीय. खरं कारण मी सांगितलं नाही. सकाळी आकडे आले म्हणजे आबा उठले, चहा घेतला, चालते-फिरते आहेत. माझ्या एकाच भीतीवर मी हा उतारा काढला होता, आणि तो फक्त बटण दाबण्यावर उभा होता.

उतारा लागू पडला. रोज सकाळी लॅबमध्ये पोचले की आधी आबांचा आकडा बघायचा. आला की जीव भांड्यात पडायचा, तो किती हे तेव्हा बघायचेच नाही. आणि दुपारी, जेवणाची सुट्टी झाली की, फोन. कारण काय, तर खोली पंचेचाळीस.

"आबा, कूलर लावा."

"लायेल शे."

"लावलाय तर मग पंचेचाळीस कसं?"

"उन्ह बहू शे ना."

मग मी पाणी किती प्यालात विचारायची, ताक केलं का विचारायची, कैरीचं पन्हं कसं करायचं ते त्यांना शिकवायची, ज्यांनी मला ते शिकवलं होतं. ते सगळं ऐकून घ्यायचे. पूर्वी महिन्यातून दोनदा आमचं बोलणं व्हायचं, आता रोज होऊ लागलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं असा प्रकार होता माझा. तुमची आठवण येते असं काही आमच्या घरात कुणी बोलत नाही. खोली तापली असं बोलता येतं.

पावसाळा आला. माझा जुना बोर्ड तोवर माळ्यावर गेला होता, मी दुसऱ्या एका चिपच्या मागं लागले होते, त्यामुळं तो तिसरा आकडा मला आता फक्त धुळ्याहूनच दिसायचा. पाऊस पडत असतानाही तो पंचेचाळीसच दाखवत राहिला तेव्हा मी चक्रावले.

"आबा, पाऊस चालू आहे ना तिकडं? खोली एवढी कशी तापली?"

थोडं थांबून म्हणाले, "वरे पत्रा शे ना. पत्रा तापस."

पुढं कधी म्हणाले खिडक्या बंद होत्या, कधी म्हणाले स्वयंपाक चालू होता. मला पटत गेलं. पटणारच. माझा ड्रायव्हर होता तो, जगानं तपासून घेतलेला, थंड देशातल्या माणसाला मी त्यावरून गप्प केलं होतं. उलट मी आबांवरच चिडले. खिडक्या उघडायला काय होतं, आळस केला की असंच व्हायचं, असं बोलले. "बरं, उघाडस," म्हणाले बिचारे.

मग थंडी आली. धुळ्याची थंडी ज्यानं बघितली नाही त्याला खानदेश म्हणजे नुसतं ऊनच वाटतं. पण पौषात धुळं असं गारठतं की सकाळी नळाखाली हात धरवत नाही. अशा एका दुपारी आकडा बघितला, खोली, सेहेचाळीस. आता मात्र पत्र्याचा संबंध नव्हता. मी फोन लावला.

"आबा, खोलीत काय पेटवलंय?"

पलीकडं ते जरा खोकले. मग, "शेगडी लायेल शे."

कोळशाची शेगडी, बंद खोली, आणि आत एकटा म्हातारा माणूस. दर थंडीत पेपरात बातमी असते, रात्री शेगडी पेटवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. मी ओरडलेच. आधी शेगडी बाहेर काढा, दार उघडा, आत्ताच्या आत्ता. "बरं, काढस," म्हणाले. मी अर्ध्या तासानं आकडा बघितला. सेहेचाळीस. आणखी थोड्या वेळानं बघितला. पंचेचाळीस. म्हणजे काढली नव्हती. पुन्हा फोन केला तर उचलेनात. लॅबच्या चाव्या शिपायाच्या हातात दिल्या आणि मिळेल त्या धुळ्याच्या गाडीत चढले.

त्या प्रवासात मी आबांना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या आणि किती नवस बोलले, दोन्हीला हिशेब नाही. एरंडोलला गाडी थांबली, लोक चहाला उतरले. मला त्या लोकांचा राग आला. पारोळ्याला पुन्हा फोन लावून बघितला, वाजत राहिला. माझ्या फोनवर आकडा तेवढा येत होता, पंचेचाळीस. खोली गरम आहे आणि माणूस उचलत नाही, एवढंच मला कळत होतं.

पोचले तर आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. स्वेटर, कानाला मफलर, उन्हाचा शेवटचा पट्टा पायावर घेऊन. मला बघून उठले. फोन आत राहिला होता म्हणाले. मी तशीच आत गेले. खोली गारठलेली. फरशीवरून चपलेतूनसुद्धा थंडी वर येत होती. शेगडी कुठंच नव्हती. मागच्या अंगणात सापडली. तिच्यात माती भरून आबांनी कोरफड लावली होती, चांगली फोफावलेली.

कॉम्प्युटरचा डबा चालू होता. पडद्यावर मात्र आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल घातलेला, आणि रुमालावर धूळ. मी रुमाल उचलला. पडदा बंद होता, त्याची वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवली होती, तीही धुळीनं माखलेली. कीबोर्ड कपाटावर होता.

आधी यंत्राचं बघू म्हणून डबा उघडला, कारण आबांकडं बघायची माझी छाती होईना. टॉर्च घेऊन त्या चिपपासून तिसऱ्या तापमानाची रेघ कुठं जाते ते शोधत गेले. रेघ बोर्डाच्या कडेला येऊन दोन लहान भोकांपाशी संपत होती. तिथं एक सेन्सर बसवायचा असतो. कंपनीनं तो बसवलाच नव्हता. दोन रिकामी भोकं. पडदा आणि कीबोर्ड पुन्हा जोडून मी तिथं ओलं बोट टेकवलं, आकडा उडाला. बोट काढलं, पुन्हा पंचेचाळीस. ते कशाचंच तापमान नव्हतं. काही न जोडलेल्या पायावर वाऱ्यावर येतो तसा आकडा होता तो, आणि जगात दुसऱ्या कुठल्याही गावातल्या माणसानं तो बघताच खोटा म्हणून टाकून दिला असता. जळगावात, मे महिन्यात, मला तो खोलीचा वाटला.

"आबा," मी विचारलं, "खोलीत कधी पंचेचाळीस नव्हतं ना?"

"उन्हाळामा व्हतं."

"आणि नंतर?"

"खोलीमा तं मी बठेल शे," म्हणाले. "माले समजत नही का?"

"मग सांगितलं का नाही? पत्रा काय, खिडकी काय, आज तर शेगडी."

आबांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. बोलायला त्यांना जड जात होतं, ते दिसत होतं. म्हणाले, "आकडा कमी ऱ्हायना तं तू फोन काबर करशी?"

आकडा उतरला असता तर मी फोन कशाला केला असता. मी तिथंच फरशीवर बसून राहिले. रडू आलं, ते दाबलं नाही. आबा दारात उभे होते, काय करावं त्यांना सुचत नव्हतं. मग ते मागं गेले आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडायचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळानं हाक मारली. विस्तव केला होता आणि त्यावर हिरवी वांगी भाजायला टाकली होती.

भरीत आम्ही विस्तवाजवळच बसून खाल्लं. त्यांनी थोडं थोडं सांगितलं. डोळ्यांना आता पडद्याचा त्रास होतो, म्हणून तो केव्हाच झाकून टाकला. पावसाळ्याच्याही आधी. सकाळी चहा घ्यायचा, डब्याचं बटण दाबायचं आणि ओट्यावर येऊन बसायचं. दुपारी माझा फोन. त्यानंतर दिवस निघून जातो, म्हणाले. आधी जात नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी आलेले सगळे आकडे उलटे चाळत गेले. तिसरा सोडून, दुसरे दोन, जे खरे होते. प्रोसेसरचं तापमान सरळ रेघेत, चढ नाही, उतार नाही. पंखा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच वेगानं. या यंत्राला दिवसभर कुणी हात लावत नाही, हे ते रोज सांगत होते, महिनोन् महिने. मी चिप ओळखायला शिकले होते, कुठल्या आकड्याचा काय अर्थ हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि मी रोज बघत होते तो तिसरा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

जळगावला आल्यावर दुरुस्ती लिहिली. अगदी लहान काम. तिसरं तापमान काढून टाकलं, आणि कारण लिहिलं की या बोर्डावर त्या पायाला काही जोडलेलं नाही. थंड देशातल्या त्या गृहस्थाला वेगळी दोन वाक्यं लिहिली, तुमची शंका बरोबर होती, मी उगाच भांडले. त्याचं उत्तर आलं. दुरुस्ती घेतली, म्हणाला. वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या गावचं ऊन तर खरं होतं. आणि एक प्रश्न विचारला, हे तुम्हाला आत्ता कशावरून लक्षात आलं? मी लिहायला घेतलं, आमच्याकडं थंडी पडली. एवढंच लिहून पाठवलं.

ती दुरुस्ती आबांच्या यंत्रावरही इथूनच चढवली. सकाळी दोनच आकडे आले. म्हणजे बटण दाबलं होतं. आता दाबायची गरज नाही असं मी येताना सांगितलं होतं, तरी दाबलं होतं.

जेवणाची सुट्टी झाली. मी फोन हातात घेऊन लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर बसले. इतके महिने या वेळेला मला काय बोलायचं ते ठाऊक असायचं, आज काही सुचेना. लावला. पहिल्याच घंटेला उचलला त्यांनी.

"आज किती शे?" आबांनीच विचारलं. आवाजात थोडी थट्टा होती, थोडी नव्हती.

"माझ्याकडं आता आकडा नाही, आबा. तुम्ही सांगा. खोलीत कसं आहे?"

ते "बठ्ठं ठीक शे" म्हणतील म्हणून मी थांबले. पलीकडं कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मग त्यांनी घसा साफ केला.

"थंडी शे," म्हणाले. "भलती थंडी शे, बेटा. एकला माणूसले जास्तीच लागस."

माझी सुट्टी संपल्याची घंटा झाली. पोरं लॅबकडं जाऊ लागली, शिपाई चाव्या हलवत दारात आला. मी त्याला हातानंच तू उघड म्हणून खूण केली आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.